चूक सांगणाऱ्या वन्सं

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. हल्ली असं कोणी म्हणत नाही. मलाही लग्नानंतर आठवडाभर चेष्टा म्हणूनच म्हणायचं होतं, पण पहिल्याच हाकेला त्यांनी इतक्या सरळ चेहऱ्याने "काय?" म्हटलं की चेष्टा माझ्याच अंगाशी आली आणि तो शब्द कायमचा चिकटला. त्या माझ्या नवऱ्याहून चार वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं, तर त्या "तुम्ही का केलंत?" असं उलट विचारत आणि उत्तर ऐकायला खरोखर थांबत. दुसऱ्यांदा विचारायला सहसा कोणी येत नसे.

आमचं दोघींचं पटतं का? अजिबात नाही. मी खुर्च्यांना नवी कव्हरं शिवली तेव्हा घरातले सगळे "छान" म्हणून मोकळे झाले. वन्संनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "डावीकडची शिवण दोन बोटं वर गेलीय. बाकी नीट आहे." मी दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी शिवण उसवली, कारण ती खरंच दोन बोटं वर गेली होती. त्यांचा स्वभाव हा असा. चूक कुठे आहे, किती आहे, बाकीचं कसं आहे, तीन वाक्यांत सांगायचं आणि पुढे त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. टोमणा नाही, महिनाभराने आठवण करून देणं नाही. मला टोमणा परवडला असता. टोमण्याला उलट टोमणा मारता येतो.

वन्सं मूळच्या रंगाईच्या कारखान्यातल्या. कापड रंगवायच्या कारखान्यात एक खोली असते, तिथे रंगाच्या पुड्या आणि रसायनं तोलून देतात. त्या रंगखोलीत त्यांनी सहा वर्षं काढली. तेव्हाचे त्यांचे फोटो मी पाहिलेत. नखं निळी आणि चेहरा आत्तासारखाच, कोणाच्या बापाला न घाबरणारा. एकतिसाव्या वर्षी त्यांनी कामावरून सुटल्यावर कंप्यूटरचे वर्ग लावले. वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणायची. पहिल्या परीक्षेनंतर ती पोरं शंका विचारायला मावशीकडेच येऊ लागली.

पुढे त्यांना टायरच्या दुकानाच्या वर, चार खोल्यांत भरलेल्या एका कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी रंगाईच्या कारखान्यांसाठीच प्रोग्रॅम बनवते. कारखान्यातला रंगमास्तर पडद्यावर सूत्र टाइप करतो, म्हणजे पाणी इतकं असेल तर रसायन किती. कंप्यूटर त्याचं उत्तर काढतो आणि पंपाला हुकूम देतो. मास्तरने लिहिलेलं ते सूत्र वाचून त्याचा अर्थ लावणारा जो भाग असतो, त्याला पार्सर म्हणतात. पार्सर वन्संचा. माझी मुलं मोठी झाल्यावर त्यांनीच मला तिथे चिकटवलं, तक्रारींचा फोन उचलायला. त्यांच्यामुळे मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळं ऑफिस मला वहिनी म्हणतं.

त्यांच्या आधीचा पार्सर एकच वाक्य बोलायचा, "सूत्रात चूक आहे." कुठे? काय? शोधा म्हणावं. वीस पदांचं सूत्र लिहिणाऱ्या मास्तरच्या नाकी नऊ यायचे. वन्संनी तो पार्सर मुळापासून नवा लिहिला. त्यांचा पार्सर चुकीच्या जागेखाली बाण दाखवतो, तिथे काय सापडलं आणि काय हवं होतं ते सांगतो. एक चूक सापडली म्हणून वाचन सोडत नाही. तुटलेल्या जागी काय असावं याचा मनातल्या मनात अंदाज धरून पुढे वाचतो, म्हणजे शेवटपर्यंतच्या सगळ्या चुका एका दमात कळतात. यातली खरी मेख त्यांनी मला एकदा भाजी निवडताना समजावली होती. सुरुवातीचा एक कंस राहिला तर पुढचं सगळंच चुकीचं दिसायला लागतं, आणि बावळट पार्सर दहा चुका दाखवतो. त्यातल्या नऊ खोट्या. त्या नऊ गाळायला त्यांना सात महिने लागले.

"एका चुकीसाठी माणसाला दहा शिव्या कशाला?" त्या म्हणाल्या. "एकच द्यायची. पण द्यायची."

मास्तर लोकांना मात्र ती एकही आवडेना. फोन माझ्याकडे यायचे. "वहिनी, तुमचा कंप्यूटर मला कंस शिकवतो! अहो, मी तीस वर्षं रंग करतोय!" मी हसून वेळ मारून न्यायचे. मालक मात्र हसत नव्हते. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांना फक्त प्रत्येकाने आपल्यावर खूश असावं असं वाटतं, आणि असल्या माणसाच्या हाताखाली काम करणं हे वाईट माणसाच्या हाताखाली काम करण्यापेक्षा अवघड असतं. एक दिवस त्यांच्या जावयाने, जो आमच्याकडे मुख्य इंजिनिअर आहे, एक शोध लावला. पार्सर मनात अंदाज धरतोच आहे ना? मग त्या अंदाजावरच उत्तर काढून टाकू. चूक दाखवायचीच कशाला?

वन्संनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो अंदाज पुढे वाचण्यासाठी आहे, पंप सोडण्यासाठी नाही."

"पण बहुतेक वेळा बरोबरच असतो," जावई म्हणाला.

"बहुतेक वेळा तुम्हीही बरोबर असता. म्हणून सही न विचारता तुमच्या नावाने चेक फाडू का?"

मालकांनी विषय बदलला. वन्संना वाटलं, संपलं. महिन्याभराने त्या पित्ताशयाच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेल्या, आणि जावयाने त्याच आठवड्यात तो बदल एकोणचाळीस कारखान्यांत चालू करून टाकला.

माझा फोन शांत झाला. मी खूश झाले, हे लपवत नाही. मी चहा गरम असताना प्यायला लागले.

वन्सं परत आल्या, त्यांना पहिल्या तासात कळलं. त्या मालकांच्या खोलीत गेल्या आणि त्यांचा आवाज टायरच्या दुकानापर्यंत गेला. त्यांचं म्हणणं मी इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रंगाईच्या कारखान्यात एक पद्धत आहे. मास्तरचे हात ओले असतात, वर हातमोजे. सूत्र लिहिता लिहिता त्याला मध्येच उठावं लागतं, कारण पुढचा आकडा टाकीवरच्या काचेत वाचायचा असतो. पडदा दोन मिनिटांत झोपतो आणि लिहिलेली ओळ जाते. म्हणून अर्ध्या सूत्रावरच एंटर दाबून मास्तर टाकीकडे जातो. पार्सर ओरडायचा, "सूत्र अपुरं आहे, इथे संख्या हवी," आणि ओळ तशीच पडद्यावर राहायची. मास्तरला तेच हवं असायचं. परत यायचं, आकडा घालायचा, पुन्हा एंटर. प्रत्येक कारखान्यात प्रत्येक मास्तर असंच करतो. हे पुस्तकात कुठे नाही. वन्संना माहीत होतं, कारण सहा वर्षं त्यांनी स्वतः तेच केलं होतं.

"आता ते अपुरं सूत्र तुमचा अंदाज पुरं करेल," त्या म्हणाल्या. "माणूस टाकीपाशी उभा असेल आणि पंप सुटेल. साध्या रसायनाचं माप थोडं चुकलं तर मास्तर आपलंच चुकलं समजून सोडून देतो, पण प्रत्येक रसायन साधं नसतं."

"तीन आठवड्यांत एक तक्रार नाही," मालक म्हणाले. "वहिनींना विचारा."

मला विचारलं. मी म्हटलं, नाही, एकही नाही. खरंच होतं ते.

बदल मागे घ्यायची चावी जावयाकडे होती. वन्संनी दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली, "पार्सर चुका लपवतो आहे. बंद करा." खाली सही आणि तारीख. तिसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी, तारीख नवी. मालक त्या खणात सरकवत. मी घरी म्हटलं, "वन्सं, कशाला डोकं फोडून घेताय? त्यांची कंपनी, त्यांचं नशीब." त्या म्हणाल्या, "पार्सर माझा आहे." अशा अकरा चिठ्ठ्या झाल्या.

बाराव्या दिवशी दुपारी बातमी आली. एका कारखान्यातल्या मास्तरांनी कॉस्टिक सोड्याचं सूत्र लिहायला घेतलं होतं. टाकीत आधीच्या घाण्याचा थोडा सोडा शिल्लक होता, तो वजा करायचा होता. त्यांनी लिहिलं, पाणी गुणिले, कंस सुरू, वीस उणे. एंटर दाबला आणि शिल्लक किती ते बघायला झाकण उघडून टाकीवर वाकले. पार्सरने लोंबकळणारं उणे काढून टाकलं, कंस मिटवून टाकला, पाणी गुणिले वीस असं उत्तर काढलं आणि पूर्ण मापाचा नवा सोडा जुन्यावर सोडला. मास्तरांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेवरही उडालं. डोळे वाचले, कारण जीव वाचवायला माणूस मान फिरवतो.

कारखान्याने चौकशी लावली. मास्तर सत्तावन्न वर्षांचे, एकतीस वर्षं नोकरी. त्यांच्यापुढे एक कागद ठेवायचं ठरलं होतं, की सूत्र चुकीचं मी भरलं, अपघात माझ्या चुकीने झाला. सही केली तर नोकरी त्याच दिवशी जाणार, आणि हातापायांनी धड असलेल्या मास्तरलाही त्या वयात दुसरीकडे कोणी घेत नाही. ह्यांचा तर हात गेलेला, वर चुकीचा शिक्का.

मालक आणि जावई तिकडे निघाले आणि मला बरोबर यायला सांगितलं. तक्रारवही घेऊन. वहीत त्या महिन्यात एकही तक्रार नाही, हे दाखवायला. वन्संना बोलावलं नव्हतं. त्या तरी गाडीत येऊन बसल्या.

"तुम्ही कशाला?" मालक म्हणाले.

"वहिनीला गाडी लागते," वन्सं म्हणाल्या. मला जन्मात कधी गाडी लागली नव्हती.

कारखान्याच्या मॅनेजरची खोली लहान होती. भिंतीला कापडाचे नमुने टांगलेले, खिडकीतून वाफेचा वास. मास्तर खुर्चीच्या कडेला बसले होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत, शेजारी त्यांची मुलगी, कारण लिहायला हात नव्हता. मॅनेजरने नोंद वाचली, "भरलेलं सूत्र, पाणी गुणिले वीस. चूक, नाही." मग त्याने मास्तरांकडे पाहिलं. "शिल्लक सोडा वजा करायला तुम्ही विसरलात."

"विसरलो नाही," मास्तर म्हणाले. "मी उणे लिहिलं होतं. तोच आकडा बघायला गेलो होतो."

"नोंदीत उणे नाही."

नोंदीत नव्हतंच ते. जावयाच्या त्या बदलाने माणसाने लिहिलेलं सूत्र पुसून आपण दुरुस्त केलेलं सूत्र त्याच्या नावावर लिहिलं होतं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आमचे मालक छताकडे बघत होते.

वन्संनी पिशवीतून एक कागद काढला आणि मॅनेजरसमोर ठेवला. पार्सर चुका दाखवत नव्हता, पण गोळा करत होता. सगळ्या चुकांची यादी आत कुठेतरी साठत राहिली होती, कारण सापडलेली चूक फेकून द्यायची सोय वन्संनी पार्सरमध्ये ठेवलीच नव्हती, आणि जावयाला ती यादी आहे हेच ठाऊक नव्हतं. कागदावर त्या दिवसाची तारीख, वेळ आणि मास्तरांची ओळ होती, जशी त्यांनी लिहिली तशी. पाणी गुणिले, कंस, वीस उणे. उणेच्या पुढे बाण. खाली दोन वाक्यं. "उणे नंतर संख्या हवी. कंस मिटलेला नाही."

जावई पुढे झुकला. "ही आतली कच्ची यादी आहे. अशी यादी नंतरही बनवता येते. आणि ह्यांचं आमच्याशी भांडण आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"आहेच भांडण," वन्सं म्हणाल्या. "अकरा चिठ्ठ्या आहेत भांडणाच्या. मालकांच्या खणात. आणा."

मालकांनी घसा खाकरला. चिठ्ठ्या वगैरे काही आठवत नाही म्हणाले. कामाच्या माणसाशी मतभेद होतातच म्हणाले. आणि मग मॅनेजरकडे वळून, अगदी गोड आवाजात, "साहेब, यंत्र चूक दाखवत नव्हतं तर एखाद्या मास्तरने तरी आम्हाला कळवलं असतं ना? आमची तक्रारवही बघा. महिन्याभरात एक ओळ नाही."

मॅनेजरने मास्तरांना विचारलं, "तुम्ही कळवलं होतं?"

"फोन केला होता," मास्तर म्हणाले. "अपघाताच्या पाच-सहा दिवस आधी. हल्ली यंत्र काही बोलत नाही, नीट आहे ना, असं विचारलं. एक बाई होत्या फोनवर."

"काय म्हणाल्या?"

मास्तर पट्टीचं टोक चाचपू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या खोलीत माझा आवाज त्यांनी अजून ऐकला नव्हता.

वही माझ्या मांडीवर होती. मागे कारखान्यांचे नंबर, त्या महिन्याचं पान कोरी. तक्रार लिहायची, नुसती विचारपूस लिहायची नाही, असा मालकांचा नियम. मी तोंड उघडलं नसतं तर कोणाला काही कळलं नसतं. वन्संनाही नाही, त्यांना मी हे सांगितलंच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण शिवण बघतात तशा नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मालक माझ्याकडे बघून किंचित हसले, आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं. त्या हसण्याचा मला इतका राग आला की कान तापले.

"मी होते ती बाई," मी म्हटलं. "मी म्हणाले, बरंच झालं की मास्तर, भांडण मिटलं! आणि हसले. वहीत लिहिलं नाही, कारण मला फोन शांत हवा होता."

मास्तरांनी मान वर केली. आवाज ओळखल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं.

"वहिनी," मालक म्हणाले.

"वार सांगते, मंगळवार होता," मी म्हटलं. "चिठ्ठ्याही मी पाहिल्यात. अकरा. मीच टेबल पुसते सकाळी."

वन्संनी तो यादीचा कागद उचलून मास्तरांपुढे धरला. ते ओठ हलवत वाचत राहिले. आपलं उणे त्यांनी पाहिलं. बाण पाहिला. खालची दोन वाक्यं त्यांनी बहुतेक दोनदा वाचली.

"म्हणजे ह्याला कळलं होतं," ते म्हणाले.

"कळलं होतं," वन्सं म्हणाल्या.

"पंप सोडायच्या आधी?"

"आधी."

"मग मला का नाही सांगितलं?"

वन्संचा आवाज मी पहिल्यांदा फाटलेला ऐकला. "अपुरं सूत्र लिहिणं ही चूकच होती, मास्तर. ती मी नाही म्हणणार नाही. मीही सहा वर्षं केलीय. पण ती चूक करायचा तुमचा हक्क होता आणि ती तुम्हाला सांगायचं काम माझं होतं." मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "ह्या कागदावर त्यांची सही होणार नाही. दुसरा कागद घ्या. लिहा, की पार्सरला चूक सापडली होती आणि तो मूग गिळून बसला. त्याखाली मी सही करते. मालकांनाही करू दे, नाहीतर नको."

मास्तरांच्या मुलीने टेबलावरचा सहीचा कागद घेतला, दोनदा फाडला आणि तुकडे स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. मॅनेजरने तिला थांबवलं नाही. त्याने कोरा कागद काढला.

मालक आम्हाला म्हणाले, "उद्यापासून दोघींनी येऊ नका."

"नाही येत," वन्सं म्हणाल्या. "आज आहोत ना अजून?" त्यांनी मॅनेजरच्या टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "वहिनी, अडतीस कारखाने राहिलेत. वहीत नंबर आहेत."

जावई उठला. "हे कंपनीचे ग्राहक आहेत, तुम्हाला अधिकार नाही!"

"मॅनेजरसाहेब, फोन वापरू?" मी विचारलं. त्याने लिहिता लिहिता मान हलवली.

पहिला नंबर लागला. पलीकडे पंपांचा आवाज, आणि तीस वर्षं रंग करणारे ते कंसवाले मास्तर. माझा आवाज ऐकून खुलले. "बोला वहिनी! हल्ली तुमचा कंप्यूटर फार शहाणा झालाय!"

"मास्तर, आधी पंपाचं बटण बंद करा, मग बोलते."

"का? काय चुकलं आमचं?"

"तेच तुम्हाला सांगत नव्हतो आम्ही," मी म्हटलं. "महिनाभर. चूक आमची आहे. बंद केलंत का बटण?"

मग पलीकडचा तो पंपांचा आवाज थांबला. माझ्यामागे मालक माझं नाव घेऊन काहीतरी बोलत होते. मी दुसरा नंबर फिरवला.